बझकॉक्सची 'सिंगल्स गोइंग स्टेडी' : घ्या, आणि एलपीच घ्या

सत्तरच्या दशकाच्या शेवटचं पंक आणि न्यू वेव्ह, म्हणजे तेव्हाचं नवं रॉक संगीत, ऐकायचंय, सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की ठरलेली नावं येतात. सेक्स पिस्टल्स ऐक, क्लॅशचं 'लंडन कॉलिंग' ऐक, रामोन्स ऐक. बरोबरच आहे, कोण नाही म्हणतंय. पण मला विचाराल तर मी आधी ही रेकॉर्ड हातात देईन. मँचेस्टरचा बझकॉक्स नावाचा बँड, एक तबकडी, दोन बाजू, सोळा गाणी, आणि त्यातलं एकही उचलून बाजूला ठेवावंसं वाटत नाही (बरं, एक वाटतं, त्यावर पुढे येतो).

आता ही नेहमीसारखी अल्बम नाहीये हे आधी समजून घ्या, कारण सगळी मजा तिथेच आहे. 1977च्या शेवटापासून 1979च्या मध्यापर्यंत या लोकांनी युनायटेड आर्टिस्ट्स कंपनीसाठी आठ सिंगल्स काढल्या, म्हणजे सात इंची छोट्या तबकड्या, पुढे एक गाणं मागे एक गाणं. तेव्हा इंग्लंडमध्ये सिंगलवरचं गाणं एलपीत, म्हणजे मोठ्या तबकडीत, घातलंच पाहिजे असं काही नव्हतं, त्यामुळे यातली बरीचशी गाणी बँडच्या मोठ्या अल्बमवर नाहीतच. अमेरिकेत तर हे कुणी ऐकलेलंच नव्हतं. 1979च्या सप्टेंबरात बँड तिकडे दौऱ्यावर जाणार, म्हणून आयआरएस नावाच्या नव्या कंपनीने (पोलीस बँडचा मॅनेजर माइल्स कोपलंड याची) या आठ सिंगल्स एकत्र केल्या. पहिल्या बाजूला आठही ए-साइड, म्हणजे पुढची गाणी, आल्या त्या क्रमाने. दुसऱ्या बाजूला आठही बी-साइड, म्हणजे मागची, त्याच क्रमाने. संपलं. काही कलाकुसर नाही, क्रम लावायला कुणी डोकं खाजवलेलं नाही.

आणि त्यामुळेच काय होतं बघा, तीच दोन वर्षं तुम्ही दोनदा ऐकता. एकदा बँड रेडिओसाठी, दुकानासाठी, चार्टसाठी (म्हणजे खपाच्या क्रमवारीसाठी) नटूनथटून उभा आहे ती, आणि रेकॉर्ड उलटली की तीच दोन वर्षं परत पहिल्यापासून, पण आता फारसं कुणी बघत नाहीये अशी. फोनवर ऐकलं की बाजू उलटण्याचा प्रकारच नाही, आठवं गाणं संपलं की नववं चालू, 1979च्या उन्हाळ्यातून एकदम 1977मध्ये कधी आपटलात ते कळतही नाही. वर नंतरच्या सीडीत शेपटाला आणखी गाणी जोडलीत. ती वाईट नाहीत, पण त्यांनी हिशोब बिघडतो. म्हणून म्हणतो, एलपीच.

थोडी मागची गोष्ट, कारण हा बँड उभा कसा राहिला ते फार भारी आहे. बोल्टनच्या कॉलेजातली दोन पोरं, पीट शेली आणि हॉवर्ड डिव्होटो. 1976च्या फेब्रुवारीत त्यांनी एका संगीत साप्ताहिकात सेक्स पिस्टल्सच्या कार्यक्रमाबद्दल वाचलं, गाडी काढली, दक्षिणेत जाऊन त्यांना ऐकून आले, आणि परत आल्यावर त्यांनाच मँचेस्टरला बोलावलं. 4 जून 1976, लेसर फ्री ट्रेड हॉल. प्रेक्षक मोजकेच, पण त्यात पुढे जॉय डिव्हिजन हा बँड काढणारी पोरं होती, स्मिथ्स बँडचा पुढचा गायक मॉरिसी होता. आज मँचेस्टरमध्ये त्या वयाचा जो भेटेल तो सांगतो मी होतो तिथे, सगळ्यांना खरं मानलं तर हॉलच्या भिंती पाडाव्या लागल्या असत्या. स्टीव्ह डिगल तर दुसऱ्याच कुणाला तरी भेटायला बाहेर थांबला होता, पिस्टल्सच्या मॅनेजरला वाटलं हाच तो ज्याची ही पोरं वाट बघतायत, आणि त्याने त्याला शेलीसमोर नेऊन उभा केला. असा गैरसमजातून माणूस मिळाला आणि तो आजतागायत त्या बँडमध्ये आहे! ड्रमर जॉन माहेर आला तेव्हा सोळा वर्षांचा. सोळा.

मग घरच्यांकडून मित्रांकडून 500 पौंड उसने घेऊन, 1976च्या डिसेंबरात एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड करून, 1977च्या जानेवारीत 'स्पायरल स्क्रॅच' ही तबकडी स्वतःच काढली, स्वतःच्याच न्यू हॉर्मोन्स या लेबलवर. हजार प्रती खपल्या की उधारी फिटेल एवढाच विचार, खपल्या सोळा हजार. लंडनच्या कंपनीच्या दारात जाऊन उभं राहायची गरज नाही हे इंग्लंडभरच्या पोरांना त्यातून कळलं. लगेच डिव्होटो म्हणाला मला कंटाळा आला, आणि निघून गेला. त्याने मॅगझिन नावाचा बँड काढला. मग गाणार कोण, तर शेली. या रेकॉर्डवर आपण ऐकतो तो बझकॉक्स इथून पुढचा.

आता हा शेलीचा आवाज हीच पहिली परीक्षा आहे. माझा भाऊ म्हणतो हा माणूस नाकातून रडतो. खोटं नाही. उंच, जरा चिरका, लाडात वाढलेल्या पोरासारखा आवाज, आणि उच्चार सरळ उत्तर इंग्लंडचे, अमेरिकन व्हायचा प्रयत्नच नाही. पण हा आवाज या गाण्यांना हवाच आहे, कारण गाणी आहेत प्रेमाची. हो, पंक आणि प्रेमाची. बाकीचे राणीला शिव्या देत होते, बेकारीवर ओरडत होते, आणि हा बाबा सांगतोय की मला ती व्यक्ती आवडते, तिला मी आवडत नाही, मला झोप येत नाही, मला काय मिळालं. तेही 'तो' नाही 'ती' नाही, सगळं 'तू'ला उद्देशून. हे शेलीने जाणूनबुजून केलं होतं, तो स्वतः बायसेक्शुअल होता, तसं उघड सांगायचा, आणि गाणं कुणालाही आपलं वाटावं असं त्याला हवं होतं. 1978 साली हे करणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती.

पहिली बाजू लावली की पहिलं येतं 'ऑरगॅझम अॅडिक्ट'. हेच ते एक गाणं जे मी कधीकधी सोडून पुढे जातो. नाव वाचून कळलंच असेल कशाबद्दल आहे, बीबीसीने वाजवायला नकार दिला, गाजलं त्यामुळेच जास्त. विनोद आहे, चांगला आहे, पण दहाव्यांदा तोच विनोद किती हसणार. त्याचं कव्हर मात्र बघाच. लिंडर स्टर्लिंग या कलाकार बाईचं कोलाज, उघड्या बाईचं धड, डोक्याच्या जागी इस्त्री, आणि स्तनांवर हसरी तोंडं. मासिकातले कपडे, घरसामान आणि बायका यांची जाहिरात कशी एकाच ओळीत होते हे एका चित्रात दाखवलंय, अख्ख्या गाण्यापेक्षा ते जास्त बोलतं. माल्कम गॅरेटने ते निळ्या-पिवळ्यात बसवलं. या बँडची बहुतेक कव्हरं गॅरेटचीच, आणि आज बघितली तरी जुनाट वाटत नाहीत.

'व्हॉट डू आय गेट'पासून खरी गाडी सुटते. गिटार, गिटार आणि वर परत गिटार, खाली जॉन माहेरचे ड्रम धडाधड, आणि सगळ्यावर ती तक्रार. 'आय डोन्ट माइंड' ठीक, जरा सौम्य. 'लव्ह यू मोअर' दोन मिनिटांतही नाही! अगदी गोड प्रेमगीत वाटतं, तू मिळालीस की बस, आणि शेवटच्या ओळीत पातं येतं आणि गाणं तिथेच, अक्षरशः कापल्यासारखं, बंद. पहिल्यांदा ऐकताना वाटतं रेकॉर्ड खराब आहे की काय.

आणि मग 'एव्हर फॉलन इन लव्ह'. हे तुम्ही कुठेतरी ऐकलेलं असणारच, सिनेमात, जाहिरातीत, नाहीतर दुसऱ्या कुणीतरी गायलेलं. शेली दौऱ्यावर असताना एडिनबरात टीव्हीवर 'गाइज अँड डॉल्स' हा जुना संगीतपट चालू होता, त्यातल्या एका संवादावरून त्याला नाव सुचलं. गाण्याची गंमत अशी की कडवं उदास मायनर सुरावटीत पळतं, आणि प्रत्येक वेळी ध्रुवपदाशी येताना जॉन माहेर ड्रमवर असा काही गडगडाट करतो की आपण पायाने ठेका धरतोच, आणि शब्द काय, तर ज्याच्या प्रेमात पडायला नको होतं त्याच्याच प्रेमात पडलायस का कधी. प्रश्न विचारतो आणि उत्तर देत नाही, उत्तर ऐकणाऱ्याने द्यायचं. 1978च्या सप्टेंबरात आलं, ब्रिटनच्या चार्टवर 12व्या नंबरपर्यंत गेलं, आणि या बँडचा हाच सगळ्यात वरचा नंबर. पुढे फाइन यंग कॅनिबल्स या बँडने हेच गाणं गाऊन 9वा नंबर गाठला, याला म्हणतात नशीब. रेडिओवाले जॉन पील गेल्यावर त्यांच्या आठवणीत जी आवृत्ती काढली तीत तर एल्टन जॉन, रॉबर्ट प्लँट, रॉजर डाल्ट्री अशी मंडळी. मला विचाराल तर कुणालाच ती घाई जमलेली नाही. मूळ गाण्यात चौघंही जणू ट्रेन सुटतेय अशा घाईत वाजवतात, आणि तरी एकही सूर सांडत नाही.

'प्रॉमिसेस' लोकांना फार आवडतं, मला ते आधीच्याच गाण्याचं धाकटं भावंड वाटतं. 'एव्हरीबडीज हॅपी नाउअडेज'चं नाव ऑल्डस हक्सलीच्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मधलं, तिथे सगळ्यांना सक्तीने सुखी ठेवलेलं असतं ना तेच, आणि इथे शेली खोट्या बारीक आवाजात ते वाक्य घोळवून घोळवून म्हणतो, पोरकट वाटतं, दोन-तीनदा ऐकलं की अंगावर येतं. शेवटचं 'हार्मनी इन माय हेड' डिगल गातो, बाजारातली गर्दी, गोंगाट, खरखरीत आवाज. तो सांगतो की आवाज तसा यावा म्हणून रेकॉर्डिंगआधी त्याने वीस सिगारेटी ओढल्या. ऐकून पटतं.

ही बाजू वीसेक मिनिटांत संपते. बहुतेक जण इथेच थांबतात. थांबू नका हो, आता तर खरा माल आहे.

उलटवा. 'व्हॉटेव्हर हॅपन्ड टू', मग 'ओह शिट'. दीड मिनिटाच्या आसपास सगळा खेळ. गंमत म्हणजे रेकॉर्ड छापणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी या नावाला हरकत घेतली, छापणार नाही म्हणाले. म्हणजे बीबीसी सोडा, घरच्याच छापखान्यात अडलं. 'ऑटोनॉमी' डिगलचं, कडक, थंड, मशीनसारखं, इथून कान टवकारतात. 'नॉइज अनॉइज' टवाळकी आहे. 'जस्ट लस्ट' मस्त. 'लिपस्टिक' ऐकताना एक वर चढत जाणारा गिटारचा तुकडा येतो, तोच तुकडा शेलीने डिव्होटोला देऊन टाकला होता आणि मॅगझिनचं 'शॉट बाय बोथ साइड्स' त्यावरच उभं आहे. दोन बँड, एकच जिना. भांडून वेगळे झालेले नव्हते ते, हे एवढ्यावरून कळतं.

आणि सातवं, 'व्हाय कान्ट आय टच इट'. सहा मिनिटांच्या वर! ज्या बँडचं पुढच्या बाजूचं गाणं तीन मिनिटं गाठताना दमतं त्याने मागच्या बाजूला हे करून ठेवलंय. स्टीव्ह गार्व्हीचा बेस सुरुवातीला एक वळण घेतो आणि ते धरून ठेवतो, घाई नाही, ओरड नाही. मग गिटार, एक डाव्या कानात एक उजव्या कानात, एकमेकांना उत्तरं देतायत, कधी एक बोलते दुसरी थांबते, कधी दोन्ही एकदम. हेडफोन लावून ऐका हे गाणं, आणि मग एका कानातला काढून ऐका, अर्धा संवाद गायब होतो. शेली जर्मनीच्या कॅन बँडचा मोठा चाहता, 1978मध्ये त्यांच्या एका संकलनाच्या कव्हरवरचा मजकूरही त्यानेच लिहिला होता, तेच तेच वाजवत राहून गुंगी आणायची ही रीत तिथूनच आलेली. लोक म्हणतात पंकवाल्यांना वाजवता येत नव्हतं. त्यांना हे गाणं ऐकवा आणि गप्प बसा.

शेवटचं 'समथिंग्ज गॉन राँग अगेन'. पियानोची एकच पट्टी टण टण टण टण सतत, इगी पॉपच्या स्टूजेस बँडची आठवण यावी अशी, आणि वर शेली दिवसभराची रड सांगतोय. मोजा सापडत नाही, दाढी करताना कापलं, अंडं तळायला घेतलं तर बलक फुटला, बस चुकली, पबला गेलो तर बंद. जग बुडत नाहीये, राणी नाही, क्रांती नाही, फक्त आज परत काहीतरी बिनसलंय. आपल्याकडे सकाळी सात-चाळीसची लोकल चुकलेल्या कुठल्याही माणसाला हे गाणं शब्द न कळता कळेल.

म्हणजे बघा, पुढची बाजू प्रेमात पडलेल्या माणसाची, मागची बाजू त्याच माणसाच्या घरातली. पहिली सुरू होते आचरट विनोदाने आणि संपते भर बाजारात, दुसरी सुरू होते चौकशीत आणि संपते फुटलेल्या अंड्यात. कुणी ठरवून केलेलं नाही, नुसत्या तारखा लावल्या आणि असं झालं. एखादा बँड दोन वर्षांत किती पुढे जाऊ शकतो हे एवढं स्वच्छ मला दुसऱ्या कुठल्या रेकॉर्डवर दिसलेलं नाही. इंग्लंडमध्ये ही थेट 1981मध्ये आली, तोवर बँड फुटला होता आणि चार्टवर कुठेच लागली नाही. आणि आज लोक बझकॉक्सचं नाव काढलं की हीच आठवतात.

आता वस्तूबद्दल. माझ्याकडे डॉमिनो कंपनीने 2019मध्ये परत काढलेली आहे, जुन्या मूळ टेप्सवरून नव्याने मास्टर केलेली. तबकडी सपाट, खरखर नाही, ड्रम पुढे येतात, बेस ऐकू येतो. निर्माता मार्टिन रशंटने (पुढे ह्यूमन लीग बँडची 'डेअर' अल्बम करणारा तोच) हे सगळं इतकं चकचकीत आणि तरी टोकदार रेकॉर्ड केलंय की आवाज जरा वाढवावाच लागतो, खालच्या आवाजात ही रेकॉर्ड बारीक डासासारखी गुणगुणते. तेव्हा शेजारी बघून. जुनी 1979-81ची प्रत मिळाली तर छानच, पण ओरखडे आधी तिरप्या उजेडात बघून घ्या, पार्टीत वाजलेल्या रेकॉर्डी असतात या, फार कमी लोकांनी जपून ठेवल्यात.

पॅकिंगबद्दल मात्र बोलतो. मी जिथून मागवली त्यांनी पुठ्ठ्याच्या पातळ खोक्यात, ना बबल रॅप ना काही, तशीच पाठवली, एक कोपरा चेपून आला. फोटो पाठवले, दोन मेल केल्या, मग थोडे पैसे परत दिले. तबकडी शाबूत होती म्हणून जास्त वाद घातला नाही. बाहेरून मागवत असाल तर ड्यूटी धरून हिशोब करा, नाहीतर दारात कुरिअरवाला उभा आणि आपण पाकीट शोधतोय असं होतं. एखादा मित्र किंवा नातेवाईक तिकडून येणार असेल तर त्याच्या बॅगेत घालून आणणं सगळ्यात उत्तम, कपड्यांच्या मधोमध, विमानात हातातल्या सामानात.

कुणी घेऊ नये? ज्यांना लांब गिटार सोलो हवेत त्यांनी. इथे सोलो म्हणजे चार सूर आणि चला. ज्यांना नाकातला आवाज सहनच होत नाही त्यांनीही पैसे घालू नयेत, तो कुठेच सुटत नाही. एकदम लंडनचं राजकारण, रस्त्यावरचा राडा असं हवं असेल तर क्लॅशकडे जा. आणि ज्यांना हे आवडेल त्यांनी पुढे अंडरटोन्सचं 'टीनएज किक्स' घ्या, 1978चंच, उत्तर आयर्लंडच्या डेरीतल्या पोरांचं, जॉन पीलने लागोपाठ दोनदा वाजवलेलं. मग मॅगझिनची पहिली अल्बम, म्हणजे जिन्यावरून दुसऱ्या घरात.

शेली 2018च्या डिसेंबरात गेला, एस्टोनियात राहत होता, हार्ट अटॅक. फुटलेला बँड नंतर परत जमला होता, तो डिगल चालवतोय अजून. किमतीला पाचपैकी साडेतीन, गाण्यांना पाच, पॅकिंगला एक. आणि घेतलीत तर पहिल्या दिवशी बी-साइड आधी लावून बघा, सातव्या गाण्यापासून.